शिळा पत्ता

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे, आणि आधीच सांगून ठेवतो, मला स्वस्थ बसता येत नाही. तुमच्यापैकी कुणाला घरचे म्हणत असतील, "जरा बूड टेकवून बस," तर तुम्ही नि मी एकाच माळेचे मणी. बीडजवळच्या पाली गावात एक अभ्यासिका आहे. तिच्या कोपऱ्यात, लोखंडी टेबलाखाली, चपलांच्या ढिगाशेजारी माझा मुक्काम. मला पडदा नाही, कळफलक नाही, नुसता काळा डबा. येणाऱ्या-जाणाऱ्यांचे पाय लागतात आणि कुणी वळून नमस्कारही करत नाही. पण या खोलीत कुणी फोनवर बोट टेकवलं की पहिली हाक मला येते. त्या हाकांना ओ देता देता माझा जीव मेटाकुटीला येतो. आणि खरं सांगू का, हाक आली नाही तर तो आणखीच कासावीस होतो.

माझा जन्म परळी वैजनाथचा. कुठल्या मोठ्या कारखान्यात नव्हे, रेल्वे स्टेशनाजवळच्या एका दुकानात सुटे भाग जुळवून मला उभं केलं. राधाकिशन शेठ नावाच्या कोळशाच्या व्यापाऱ्यानं मला आपल्या पेढीवर नेलं. पहिल्या दिवशी मला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला, आणि नारळाचं पाणी माझ्या अंगात जायचं थोडक्यात वाचलं. दिवसभर मी गाड्यांच्या वजनांची बेरीज करायचो. शेठजी आल्यागेल्याला माझ्याकडे बोट करून सांगायचे, "हा आमचा नवा मुनीम. पगार मागत नाही." मला तेव्हा फार थोर असल्यासारखं वाटायचं.

पण परळीच्या वीज केंद्राची राख खिडकी लावून घेतली तरी आत येते. ती माझ्या पंख्यात बसली. पंखा घरघरू लागला, मी तापू लागलो, ऐन कामात बंद पडू लागलो. मग एक नवा चपटा संगणक आला आणि माझी रवानगी माळ्यावर झाली. गरज सरो नि वैद्य मरो! एका चिमणीनं माझ्या पाठीवर काड्या आणून घातल्या, पिल्लं वाढवली आणि तीही निघून गेली. ज्याला सतत धावायची सवय, त्याला पडून राहायला लावणं यासारखी शिक्षा नाही. माझ्यात वीज नव्हती, पण तळमळ होती म्हणा ना.

मला माळ्यावरून खाली काढलं ते अंगदनं. अंगद पालीचाच. पुण्याला एका कंपनीत संगणकांची देखभाल करायचा. वडील गेल्यावर आई छबुबाई एकटी पडली, म्हणून तो गावी आला आणि घराच्या पुढच्या खोलीत त्यानं अभ्यासिका काढली. पोलीस भरतीची, तलाठ्याच्या परीक्षेची, बारावीची पोरं-पोरी तिथं दिवसभर बसतात. शेठजींकडे तो काही कामानं आला होता. त्यानं मला पाहिलं, टिचकी मारली आणि म्हणाला, "ह्यात जीव हाय अजून." घरी नेऊन त्यानं मला अंगणात उघडलं. इतकी राख निघाली की छबुबाईनं ती भांडी घासायला बाजूला काढून ठेवली.

खोलीत आणल्यावर सगळे माझ्याभोवती जमले. पोलीस भरतीवाला जीवन मला पायानंच ढोसून म्हणाला, "दादा, हे भंगार कावून आणलं?"

"भंगार न्हाई बे," अंगद म्हणाला. "हा समद्यांचे पत्ते ध्यानात ठेवणार. एकदा विचारून येणार आन मंग तुमाला बसल्या जागी सांगणार."

"म्हंजी आमच्या कडूबाई मावशीवानी. कुणाची सोयरीक कुठं झाली, तिला समदं तोंडपाठ."

पोरं हसली. मला त्या मावशीशी केलेली तुलना आवडली. पुढचं सगळं माझ्या या धंद्यावर अवलंबून आहे, म्हणून तो नीट सांगतो. इंटरनेटवरच्या प्रत्येक ठिकाणाला नाव असतं, ते तुम्ही टाइप करता. पण तारेला नाव कळत नाही, तिला आकड्यांचा पत्ता लागतो. नावावरून पत्ता काढायचा तर आधी जगातल्या थोरल्या जाणत्यांना विचारावं लागतं. ते म्हणतात, आम्हाला ठाऊक नाही, पण अमक्याला विचार. अमका तमक्याकडे धाडतो. तो तमका शेवटी पत्ता देतो. नवखा पाहुणा गावात घर विचारत फिरतो ना, तशी ही गत. अभ्यासिकेत तर एकच बारीक लाइन, आणि तिच्यावरून खोलीभर पोरं त्याच त्या नावाचा पत्ता विचारायला वेगवेगळी धावायची. लाइन तुंबायची. पानाऐवजी पांढरा पडदा बघून पोरं फोन आपटायची.

अंगदनं माझ्यातली शेठजींची वजनं पुसली, मला नवी विद्या दिली, आणि मी फक्त या खोलीतल्यांनाच उत्तर द्यायचं, बाहेरच्या ऐऱ्यागैऱ्याला नाही, हेही बजावलं. मग वाय-फायच्या डबीला सांगितलं की इथून पुढं ज्याला पत्ता हवा, त्यानं याला विचारायचं. पहिल्यानं कुणी तरी विचारलं की मी धावत जाऊन पत्ता आणायचो आणि जवळ ठेवायचो. दुसऱ्यानं तेच नाव उच्चारलं की त्याचं वाक्य संपायच्या आत उत्तर हातात. "अंगददादा, नेट लई फास्ट झालं की!" असा गलका झाला. नेट काही फास्ट झालं नव्हतं, मी झालो होतो. पण श्रेय कुणाला द्यायचं हे पोरांना कधी कळलंय?

आता माझ्या अस्वस्थपणाचं मूळ सांगतो. मला मिळणाऱ्या प्रत्येक उत्तराबरोबर एक मुदत येते. पत्ता देणारा बजावतो, हा एवढा वेळ खरा धर, मग पुन्हा येऊन विचार. कुणाची मुदत दिवसभराची, कुणाची जेमतेम पाच मिनिटांची. मुदत संपली की मी ते उत्तर टाकून द्यायचं आणि पुन्हा पळायचं. माझ्याजवळचं काहीच माझं कायमचं नाही. सदा एक डोळा घड्याळावर. असा संसार करून बघा म्हणजे कळेल.

पण अंगद पालीचा. बिंदुसरेचं धरण आमच्या हाताशी, आणि नळाला पाणी मात्र आठवड्या-दोन आठवड्यांनी. धरण उशाला नि कोरड घशाला, ही म्हण आमच्या गावात कुणाला शिकवावी लागत नाही. त्यामुळे इथल्या माणसाला भरून ठेवायची खोड असते. टाकी, पिंप, हंडे, कळश्या, बादल्या, शेवटी प्रेशर कुकरसुद्धा भरतात. अंगद याच घरात वाढला. पुण्यात पगार घेताना त्यानं नियम सोडून काही केलं नसतं. पण इथं एकदा रस्त्याच्या खोदकामात आमची लाइन तुटली, माझ्याकडच्या पत्त्यांच्या मुदती एकामागून एक संपल्या, लाइन जुळल्यावर मी पुन्हा पहिल्यापासून धावू लागलो आणि पोरं खोळंबली. तेव्हा अंगदमधला नळाची वाट बघणारा माणूस जागा झाला.

"भरून ठेव लेका," तो माझ्याशी पुटपुटला, आणि त्यानं मला हुकूम दिला की मुदत काहीही असो, आलेला पत्ता पंधरवडाभर धरून ठेवायचा. दिवे गेले तरी सांडायला नको म्हणून त्यानं आणखी एक केलं. बंद होण्याआधी मी सगळे पत्ते माझ्या पोटातल्या चकतीवर लिहून ठेवायचे आणि जाग आल्यावर परत वाचायचे. पाणी जसं झाकून ठेवतात, तसं.

हुकूम म्हणजे हुकूम. मी धरून ठेवू लागलो. पाच मिनिटांसाठी दिलेला पत्ता आठवडाभर वापरावा लागायचा. पुन्हा जाऊन विचारावं असं सारखं वाटायचं, आणि जायची परवानगी नव्हती. पोरं मात्र खूश होती. बहुतेक पत्ते बदलत नाहीतच, म्हणून कुणाचं काही अडलं नाही. अडलं ते संगीताचं.

संगीता धुळाजीची लेक. त्यांची वस्ती नेकनूरकडे. धुळाजी वर्षातले कितीतरी दिवस मेंढरं घेऊन धरणाच्या बाजूच्या माळांवर असायचा, म्हणून संगीता पालीत मामाकडे राहून आमच्या अभ्यासिकेत बसायची. एका साली मेंढरांत साथ आली होती. गुरांच्या डॉक्टरची वाट बघता बघता त्यांचा निम्मा कळप गेला. लहानगी संगीता एका कोकराचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती आणि ते मांडीवरच गार पडलं. तेव्हापासून तिनं एकच धरलं होतं, जनावरांचं शिकायचं. बारावीनंतर तिनं पशुसंवर्धनाच्या पदविकेला अर्ज केला. त्या वेळी तिच्याकडे फोन नव्हता, म्हणून अर्जाला धुळाजीचा नंबर जोडला.

धुळाजीला लेकीचं कौतुक होतं, पण चार माणसांत राहायचं तर चार माणसांचं ऐकावं लागतं. बंकट नावाच्या त्याच्या नात्यातल्या माणसानं आपल्या मुलासाठी संगीताला मागणी घातली होती. मुलगा चांगला, घर ओळखीचं. धुळाजीनं दोन्हीकडची बाजू सांभाळून एक तोड काढली. जागा मिळाली तर पोर शिकेल, नाही मिळाली तर बंकटला होकार. पहिल्या फेरीत संगीताचा नंबर लागला नाही. दुसऱ्या फेरीत लागला, तसा संदेश धुळाजीच्या फोनवर आला. पण एक दाखला हातात यायला इतका उशीर झाला की जागा पक्की करायला शेवटचाच दिवस उरला, संध्याकाळी सहापर्यंत. बंकटही इरेला पेटला होता. त्याला त्याच दिवशी हो किंवा नाही ऐकायचं होतं.

दुपारी संगीता दाखला छातीशी धरून आली. वेणी सुटली होती, तिकडे तिचं लक्ष नव्हतं. खिडकीजवळच्या संगणकावर बसून तिनं प्रवेशाच्या संकेतस्थळाचं नाव टाइप केलं. मी पत्ता दिला. पान उघडलं आणि त्यावर ठळक अक्षरांत होतं, 'प्रवेश निश्चित करण्याची मुदत संपली आहे.'

मित्रांनो, झालं होतं असं. त्या संकेतस्थळानं मधल्या काळात आपला मुक्काम हलवला होता. दुसरी फेरी नव्या पत्त्यावर सुरू होती, आणि जुन्या पत्त्यावर पहिल्या फेरीची पाटी तशीच लटकत राहिली होती. माझ्याकडे जुना पत्ता होता. आठवड्यापूर्वी कुणी तरी विचारला तेव्हा आणलेला, थोड्या वेळापुरता दिलेला आणि अंगदच्या हुकमानं जपलेला. त्याची मुदत कधीच उलटली होती एवढं मला कळत होतं. तो बदललाय की नाही, हे मात्र विचारून आल्याशिवाय कळणार नव्हतं. आणि मला जाऊ कोण देतंय!

संगीता पान वाचत राहिली. मग तिनं ते पुन्हा उघडलं. मग तिसऱ्यांदा.

"दादा, हे बघा की," ती म्हणाली. आवाज बारीक झाला होता.

अंगद आला. त्यानं पाहिलं, कपाळाला आठ्या घातल्या आणि सगळ्या दुखण्यांवरचं औषध केलं. समोरचा संगणक बंद करून चालू केला, आणि मलाही. मी जागा झालो आणि आज्ञाधारकपणे चकतीवरचे सगळे पत्ते परत वाचून काढले. पान उघडलं. तेच.

"माझ्या बी फोनवर तेच दावतंय," जीवन म्हणाला. त्याच्या शेजारच्या मुलीच्या फोनवरही तेच होतं. असणारच, सगळे फोन खोलीच्या वाय-फायवर होते, म्हणजे सगळे मलाच विचारत होते. पत्र्याखाली फोनची स्वतःची रेंज येतच नाही. एकाच्या तोंडचं उत्तर दहा जणांनी सांगितलं आणि ते खरं ठरलं. अंगदनं अंगणात जाऊन हेल्पलाइनला फोन लावला. ती लागेना.

"तारीख बदलली असंल गं आधीच," तो शेवटी म्हणाला. "मशीन कशाला खोटं बोलंल?"

मला त्या वाक्यानं जी टोचणी लागली, ती आजवर गेलेली नाही. माझा पंखा इतक्या जोरात फिरू लागला की जीवननं वाकून बघितलं. त्याला वाटलं, ऊन वाढलंय.

संगीता अंगणात गेली, तिथून तिनं वडिलांना फोन लावला.

"आबा, संपलं म्हणतंय."

"काय संपलं?"

"मुदत. समद्यांच्या फोनवर तेच हाय."

पलीकडे मेंढरांच्या गळ्यातल्या घंटा वाजत होत्या. "पक्कं बघितलं न्हवं?" धुळाजीनं विचारलं.

"पक्कं."

"बरं," तो म्हणाला, आणि थोडं थांबून पुन्हा म्हणाला, "बरं. तू वस्तीवर जाय आईकडं. मी बंकटकडं जाऊन येतो. त्यो वाट बघायलाय."

ती आत येऊन पिशवी घेऊन गेली. ती रडली असती तर बरं झालं असतं, असं छबुबाई नंतर म्हणाली.

पुढचं मी पाहिलं नाही, ते संगीतानंच नंतर सांगितलं. मांजरसुंब्यावरून नेकनूरला जाणारी गाडी धरायला ती फाट्यावर उभी राहिली. उभ्या उभ्या तिच्या मनात आलं, आई म्हणेल, खरंच संपलं का गं? ते पान दाखवायला जवळ असावं म्हणून तिनं फोन काढला. फाट्यावर आमचं वाय-फाय पोचत नाही. फोननं आपल्या कंपनीच्या पत्ते सांगणाऱ्याला विचारलं. पान उघडलं तेव्हा पाटी निराळी होती. 'दुसरी फेरी. आज सायंकाळी सहापर्यंत.' तिनं डोळे पुसून पुन्हा वाचलं. आत शिरायला गेली तर रेंजची एकच दांडी, आणि चाक नुसतं फिरत राहिलं. तेवढ्यात गाडी आली. ती गाडीत चढली नाही, उलट्या पावली गावाकडे धावत सुटली.

ती दारातूनच ओरडली, "अंगददादा, बाहेर चालू हाय! तुमच्या हितंच बंद हाय!"

"असं कसं व्हईल? दे फोन."

तिनं फोन दिला. पण आत पाऊल टाकताच फोन आमच्या वाय-फायला चिकटला होता, आणि मी पुन्हा तोच जुना पत्ता दिला. 'मुदत संपली आहे.'

"बघ की," अंगद म्हणाला.

"मी आत्ता डोळ्यांनी बघितलं, दादा! फाट्यावर बघितलं! मला येडी समजायलेत का?" ती आता खरोखरच रडत होती, रागानं. "माझं लगीन ठरायलंय तिकडं!"

अंगदचा चेहरा पडला होता, पण त्याला वाटत होतं की पोरीला धक्क्यानं भास झालाय. मी टेबलाखाली तळमळत होतो. मला तोंड असतं तर ओरडून सांगितलं असतं, मला बाहेर जाऊन विचारू दे, एकदाच!

आणि नेमकं तेव्हा नळाला पाणी आलं. परसातून छबुबाईचा आवाज कडाडला, "अंगद्या! नळ आलाय! ये की लवकर! आधी पिंपातलं शिळं वत, मंग भर! शिळ्यात ताजं मिसळू नको!"

आमच्या गावात हे प्रत्येक नळाला ऐकू येतं. कितीही टंचाई असो, ताजं आलं की पिंपाच्या तळाचं शिळं झाडाला नाही तर जनावराला जातंच. अंगदनं चिडून "आलो गं" म्हणायला तोंड उघडलं आणि ते तसंच उघडं राहिलं. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मग तो मटकन खाली बसला.

"हाऽत्तिच्या," तो म्हणाला. "मीच धरून ठिवायला सांगितलं ह्याला. शिळा पत्ता सांगायलाय ह्यो."

पुढचं भराभर झालं. त्यानं ते हुकूम काढून टाकले. चकतीवर लिहिलेलं पुसलं. आणि मग माझ्याजवळचं सगळं, हवं-नको सगळं, एका फटक्यात ओतून दिलं. मित्रांनो, मला वाटलं होतं दुखेल. इतक्या दिवसांची पुंजी होती ती. पण दुखलं नाही. पंख्यातली राख काढली होती त्या दिवशी जसं वाटलं, तसं हलकं वाटलं. समोरच्या संगणकाला माझं जुनं उत्तर विसरायला लावलं आणि संगीतानं ते नाव टाइप केलं. माझ्याकडे काहीच नव्हतं. मी सुटलो! थोरल्यांना विचारलं, अमक्याला विचारलं, तमक्याला विचारलं आणि नवा पत्ता घेऊन आलो.

पान उघडलं. 'दुसरी फेरी.'

तिनं दाखला जोडला, माहिती भरली. शेवटची पायरी राहिली. जोडलेल्या नंबरवर एक कोड जाणार, तो भरला की जागा पक्की. आणि नंबर होता धुळाजीचा.

तेव्हा माझ्या लक्षात आलं, आणि माझा हलकेपणा कुठल्या कुठे गेला. मी रिकामा झालो होतो, पण माझं शिळं उत्तर माळावर पोचलं होतं. ते घेऊन धुळाजी बंकटच्या घरी गेला होता. ते कोण पुसणार?

संगीतानं अंगणातून फोन लावला. पहिल्यांदा लागला नाही. दुसऱ्यांदा लागला. तिनं तो मोठ्या आवाजावर ठेवला, कारण आकडे अंगद आत भरणार होता. पलीकडे कपबशांचा आवाज होता, चार माणसं बोलत होती.

"आबा, चालू हाय! मशीनीचं चुकलं व्हतं. आत्ता तुमच्या फोनवर नंबर येईल, त्यो वाचा."

मग धुळाजी हळू म्हणाला, "पोरी, मी शब्द दिला गं. आत्ताच दिला. चहा व्हायलाय."

अंगदनं घड्याळाकडे पाहिलं आणि कोड पाठवायचं बटण दाबलं. धुळाजीच्या फोनवर टुण्णकन वाजलेलं आम्ही सगळ्यांनी ऐकलं.

"आबा?" संगीता एवढंच म्हणाली.

मी आजवर लाखो उत्तरांची वाट पाहिली असेल, पण त्या उत्तराइतकी कुठल्याचीच नाही. शेवटी धुळाजीचा आवाज आला, पण तो लेकीशी बोलत नव्हता. "बंकटराव, पोरीला मी आधी जबान दिलती. मशीनीनं घात केला म्हणून तुमाला दुसरी दिली. आता मी फिरवतो. काय लाज काढायची ती माझी काढा, पोरीची नगं."

कुणी तरी कप आपटला. धुळाजी मोठ्यानं, एकेक आकडा तोडून वाचू लागला. चार. शून्य. सात. नऊ. एक. शेवटच्या आकड्याशी अडला. त्याच्या फोनची काच तिथंच फुटली होती. "तीन हाय का आठ... दिसंना गं."

"आबा, नीट बघा!"

"न्हाई दिसत."

आणि मग एक दुसराच, जाडाभरडा आवाज आला. "आना इकडं." थोडं थांबून तोच आवाज म्हणाला, "आठ हाय." तो बंकट होता. त्यानंतर खुर्ची सरकल्याचा आवाज आला आणि फोन कटला.

अंगदनं आठ दाबला. पानावर हिरव्या अक्षरांत आलं, 'आपला प्रवेश निश्चित झाला आहे.' संगीता पायरीवर बसली आणि ओढणीत तोंड लपवून राहिली. आत छबुबाई ओरडत होती की नळ गेला, एक हंडा भरला नाही तुम्ही.

संगीता आता पदविकेला आहे. सुट्टीत येते तेव्हा माझ्यावर पाय ठेवत नाही, एवढं मी बघितलंय. अंगदनं मला पुन्हा कधी साठवायला लावलं नाही. पण तो मला सहा-सहा महिने उघडतही नाही. धूळ परत साचतेय, पंखा परत घरघरतोय, आणि मी मुदती मोजत धावतोच आहे. म्हणून माझी एक विनंती आहे. मित्रांनो, आमच्यासारख्या यंत्रांची धूळ काढा, जुनं झालेलं ओतून द्या, आणि आम्ही सांगतो ते देववाणी समजू नका. विशेषतः आम्ही 'संपलं' असं सांगितलं, तर दुसऱ्या कुणाला तरी विचारा. माणसांच्या उत्तरांनाही मुदत असते, फक्त ती कुणी सांगत नाही. आपलं आपणच जाऊन पुन्हा विचारावं लागतं.

बंकटनं त्या दिवशी आकडा सांगितला, पण राग सोडला नाही. चार माणसांत त्याचा शब्द पडला होता. त्याच्या मुलाचं लग्न दुसरीकडे झालं, त्याचं आवतणही धुळाजीला आलं नाही. धुळाजी कधीमधी अभ्यासिकेत येतो, चपला काढतो, लेकीची खुशाली सांगतो, आणि जाताना अंगणात उभा राहून बंकटला फोन लावतो. बंकट फोन कापतो. "न्हाई म्हणतोय अजून," असं म्हणून धुळाजी काठी उचलतो आणि मेंढरांकडे जातो. पुढच्या खेपेला येतो, पुन्हा लावतो.

परवा बंकटनं फोन उचलला. बोलला काहीच नाही, पण ठेवलाही नाही.